धनसिंग आबाने सोडलेलं पाणी

सावळझऱ्याच्या बौद्धवाड्यात बोअर घ्यायला मी मशीन नेली तेव्हा माझ्याजवळ सगळे कागद होते, एकच नव्हता. बोअरच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत गावाच्या पिण्याच्या पाण्याची दुसरी विहीर, हापसा किंवा बोअर नाही, असं भूजल खात्याच्या साहेबाने लिहून द्यायचं होतं. साहेब त्याच सकाळी टेप घेऊन येणार होता. तासाभराचं काम, मग हॅमर सुरू, असं मी धरून चाललो होतो.

मी सुकदेव. धुळ्यात माझी बोअरची एक मशीन आहे आणि मला राग लवकर येतो. बायको म्हणते, कॉम्प्रेसर मशीनवर नाही, तुमच्या डोक्यात बसवलाय. असेल. पण पुढचं ऐकून ज्याला राग येणार नाही त्याने एकदा डॉक्टरला दाखवून घ्यावं.

सत्त्याण्णव साल होतं. कायदा येऊन चार वर्षं झाली होती. गावाच्या पिण्याच्या पाण्याला लागून कोणी पैसेवाल्याने भोक पाडून ते आटवू नये, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला पटला होता. धंद्यातले लोक माझ्यावर हसायचे. उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या मशिनी यायच्या, रातोरात चार बोअर मारून पुढच्या जिल्ह्यात पसार व्हायच्या. त्यांना कोण विचारतो परवानगी? मी मात्र गिऱ्हाइकाला आधी कागद मागायचो आणि गिऱ्हाईक चहा पिऊन दुसऱ्याकडे जायचं. वाटायचं, कधीतरी हा कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्या कामी येईल.

मला बोलावलं होतं वच्छलाबाईने. बौद्धवाड्यातून ग्रामपंचायतीवर निवडून आलेली, पंचेचाळिशीची बाई. बोलणं कमी, बघणं जास्त. वाड्याच्या बोअरसाठी तिने वर्षभर साक्री आणि धुळ्याच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. वाड्याला पूर्वी एक हापसा होता. दीडशे फूट खोल, बारमाही. मग वाड्याला चिकटलेल्या शेतात धनसिंग आबाने साडेतीनशे फूट बोअर घेतला, त्याच दक्षिणेच्या मशीनने, एका रात्रीत. हापसा आणि बोअर यांच्यात शंभर मीटरसुद्धा अंतर नव्हतं. कायद्याने तो बोअर होऊच शकत नव्हता. झाला. आबाच्या उसाला पाणी मिळालं आणि पुढच्या होळीला हापशाने नुसती हवा ओकली. तेव्हापासून वाड्यातल्या बाया नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरत होत्या. गावाची विहीर एक तर मैलभर लांब, त्यात उन्हाळ्यात तिच्यात बेडूकसुद्धा थांबत नसे.

हापसा मेला आणि लगेच आबाला पुण्य करावंसं वाटलं. गेल्या आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे खान्देशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, म्हणजे वर त्याची तहान भागते. आबाचे वडील कौतिक आबा वारले होते. त्यांच्या नावाने आबाने बोअरच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, छप्पर घालून दोन रांजण बसवले. भटजी आणला. तुळशीचं पान ठेवून ओंजळीतून पाणी सोडलं आणि गावासमोर म्हणाला, हा बोअर मी बापाच्या नावाने गावाला सोडला. त्याची आई, भागाबाई, सत्तरी ओलांडलेली, बाजूला उभी राहून रडत होती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी स्वतः येऊन रांजणात पहिली कळशी ओतायची. त्यावर ग्रामपंचायतीने ठराव केला की आबाचा बोअर गावाला मिळाला, आभार. वच्छलाबाईनेही हात वर केला होता.

"तान्हेलाले पानी पाजाना ठराव व्हता, भाऊ," ती मला नंतर म्हणाली. "त्याले कोन नही म्हनी?"

बोअरवरून तीन इंची पाइप उसाला जात होता आणि त्यातून काढलेली अर्ध्या इंचाची तोटी रांजणाला. पाणपोईवर आबाचा सालदार चिंधा बसायचा. येणारा-जाणारा ग्लासाने प्यायचा. वाड्यातलं कोणी आलं की चिंधा डोयाने, म्हणजे लांब दांड्याच्या पळीने, वरून ओंजळीत ओतायचा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं म्हणे. सांगावं लागत नाही, हेच तर दुखणं आहे.

तर साहेब जीपमधून उतरला. पन्नाशीचा, सारखा घाम पुसणारा, स्वभावाने वाईट नाही अशातला. असल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्याने शिपायाच्या हातात टेपचं टोक दिलं आणि शिपाई जाऊन पाणपोईच्या खांबाशी उभा राहिला. मला वाटलं, सावलीला गेला.

"साहेब, बोअरची जागा इकडे आहे," मी म्हणालो.

"जागा मला माहीत आहे. तिकडूनच मोजत येतोय."

"तिकडून म्हणजे कुठून?"

"सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून." आणि त्याने छपराखालच्या त्या दोन रांजणांकडे बोट केलं.

मी हसलो. खरंच हसलो. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

"ते रांजण आहेत, साहेब."

"रांजण नाही हो, त्यांच्यामागचा बोअर. पाणपोईसाठी गावाला दिलेला आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आहे. म्हणजे तो सार्वजनिक स्रोत झाला. त्याच्यापासून पाचशे मीटरच्या आत दुसरा बोअर घेता येत नाही. कायदा आहे."

"आणि वाड्याचा हापसा? तो सार्वजनिक नव्हता?"

"होता. आता कोरडा आहे. कोरडा स्रोत आम्ही धरत नाही."

"तो कोरडा कोणी केला?"

"ते मला टेपने मोजता येत नाही, सुकदेवराव," तो म्हणाला आणि घाम पुसला.

बघा कसं आहे. ज्याने हापसा मारला त्यालाच हापशाच्या जागेवर बसवलं. ज्या कायद्याने आबाचा बोअर बंद पडायला हवा होता तोच कायदा आता त्या बोअरचा राखणदार होऊन उभा. कुंपणच शेत खातं असं म्हणतात, इथे तर शेत खाल्लेल्या बैलाभोवती सरकारी कुंपण घातलं होतं. वाड्यातल्या कुठल्याही घराच्या परसात आता बोअर होणार नव्हता. कारण काय, तर त्यांच्या प्यायच्या पाण्याचं रक्षण.

मी साहेबाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझा ड्रायव्हर मला मागे ओढत होता. तेवढ्यात धनसिंग आबा आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर सगळ्या गावाचं ओझं वाहणाऱ्या माणसाचा शीण. त्याच्या मागे हळूहळू भागाबाई कळशी घेऊन आली होती.

"मना काय विरोध नही," आबा म्हणाला. "मी तं म्हनस, गरिबसले पानी भेटाले पाहिजे. पन कायद्यापुढे कोनी काय करी?"

वच्छलाबाई इतका वेळ टेपकडे बघत होती. ती पुढे आली. आबाकडे न बघता साहेबाला म्हणाली, "साहेब, मी अडानी शे. एक सांगा. हाई पानी मंग बठ्ठासनं शे ना?"

"हो. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं."

"वाडानं बी?"

"वाड्याचंही. गावातल्या प्रत्येकाचं."

"आबा, तुमी बी सांगा. तुमना तोंडघाई."

आबाने मान डोलावली. आजूबाजूला माणसं जमली होती, आई बघत होती, आणि अशा वेळी त्याची छाती आपोआप पुढे यायची. "बठ्ठासनं शे. मना बापना नावनं सोडेल शे. कोनीबी या, पोटभर पिवा."

"बेस," वच्छलाबाई म्हणाली आणि वाड्यात निघून गेली. मला तिचा रागच आला. इतकी मऊ बाई पंचायतीत काय कामाची, असं मनात आलं. मी मात्र मशीन हलवली नाही. शहाणपणाने नाही, हट्टाने. नाल्याच्या पलीकडे उभी केली आणि ड्रायव्हरला म्हणालो, आता हे काय होतंय ते बघूनच जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली, आबाची मोटर सुरू झाली आणि वाड्यातून बाया निघाल्या. हंडे, कळशा, बादल्या, तेलाचे डबे. ओळीने येऊन पाणपोईवर उभ्या राहिल्या. चिंधा डोया घेऊन उठला.

"आठे पेवानं शे, भरी लई जावानं नही," तो म्हणाला.

"काबं?" वच्छलाबाईने विचारलं. "आबानी सांगं, साहेबनी सांगं. घर मनी सासू बसेल शे, तिले चालता येत नही. ती कशी पोटभर पिई? सरक."

चिंधा सरकला. बिचारा काय करणार, धन्याचे शब्द धन्यावरच उलटले होते. रांजण तळापर्यंत गेले. मग अर्ध्या इंचाच्या तोटीखाली हंडा लागला. तोटीला वेळ लागतो म्हणून कोणीतरी उसाकडे जाणारा व्हॉल्व्ह फिरवला आणि तीन इंची धार रस्त्याच्या बाजूला वळली. लाइट जाईपर्यंत ते पाणी उसाला गेलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी गावातल्या बाया आल्या. त्यांचीही विहीर आटलीच होती, आणि आपल्याला वाड्याच्या रांगेत उभं राहावं लागतंय म्हणून आधी नाकं मुरडली, पण तहान फार दिवस नाक मुरडू देत नाही. मग बैलगाड्यांवर टिपाडं ठेवून पुरुष आले. कौतिक आबांच्या नावाचा जयजयकार करत पाणी नेलं लोकांनी. धनसिंग आबा बांधावर उभा राहून हात जोडत होता आणि त्याच्या मागे ऊस माना टाकत होता. मला तेव्हा कळलं की वच्छलाबाई मऊ नव्हती. मीच घाई केली होती.

आबाने तीन दिवस दम काढला. चौथ्या दिवशी लाइट आली तरी मोटर सुरू झाली नाही. स्टार्टरच्या पेटीला कुलूप होतं. पाणपोईवर चिंधा नव्हता आणि रांजण कोरडे होते. रात्री कुठल्याशा वेळी मात्र आबाच्या उसाला पाणी मिळालं होतं, सऱ्या ओल्या होत्या. भागाबाई नेहमीप्रमाणे कळशी भरायला आली आणि तोटी फिरवून बघत बसली. म्हातारीला वाटलं, मोटर जळाली.

वच्छलाबाई माझ्याकडे आली. "भाऊ, धुळाले चाला. तुमी फक्त सोबत या. बोलू नका."

न बोलणं मला जमत नाही हे तिने चार दिवसांत ओळखलं होतं. आम्ही गेलो. साहेबाच्या टेबलापुढे ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, सार्वजनिक पानीले कुलूप लायेल शे. टंचाईना दिन शेतस. कलेक्टर साहेबले सांगू का तुमीच यातस?"

साहेबाच्या कपाळावरचा घाम या वेळी उन्हाचा नव्हता. खाजगी बोअरला कुलूप लावलं तर त्याला काही करायचं नव्हतं. पण त्याने स्वतः, सगळ्यांदेखत, टेप लावून सार्वजनिक ठरवलेल्या पाण्याला कुलूप लागलं आणि उन्हाळ्यात गाव तहानलेलं राहिलं, तर पहिला जाब त्यालाच होता. नाक दाबलं की तोंड उघडतं. तो दुपारीच जीप घेऊन आला.

बोअरवर अर्धं गाव जमलं होतं. साहेब आबाला बाजूला घेऊन हळू आवाजात काही समजावू लागला. वच्छलाबाई म्हणाली, "बठ्ठासमोर सांगा, साहेब. पानी बठ्ठासनं शे तं बोलनं बी बठ्ठासनं."

"आबा, कुलूप काढावं लागेल," साहेब मोठ्याने म्हणाला. "सार्वजनिक स्रोत अडवता येत नाही."

"मी कोठे नही म्हनस? रांजन भरी देस मी. दोन रांजन, सांजसकाय."

"रांजणाचा प्रश्न नाही. बोअर सार्वजनिक आहे. आधी लोकांना पाणी, उरलं तर तुमच्या उसाला."

"उरी तं?" आबाचा आवाज चिरकला. "तठे मना ऊस जयी राह्यना आनि तुमी म्हनतस उरी तं?"

"मग बोअर सार्वजनिक नाही, खाजगी आहे, असं सांगा. तसं लिहून घेतो. मग माझा प्रश्नच नाही." साहेबाला वाटलं त्याने वाट काढून दिली. काढलीच होती, पण ती कुठे जाते हे त्याला ठाऊक नव्हतं.

आबाने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण भागाबाई पुढे आली होती. तिच्या हातात रिकामी कळशी होती.

"मोटर जयनी नही का?" तिने मुलाला विचारलं.

तो उपरणं सावरायला लागला.

"तू कुलूप लायं? तुना बापना पानीले?"

खान्देशात आखाजीला मेलेल्याच्या नावाने एकदा सोडलेलं पाणी कोणी परत ओंजळीत घेत नाही. कितीही लबाड माणूस असो, कोर्टात खोटं बोलेल, सातबारा फिरवेल, भावाचा बांध कोरेल, पण ते पाणी परत घेणार नाही. घेतलं तर बाप वर तहानलेला फिरतो. धनसिंग आबाने तेच पाणी कायद्याला चकवायला वापरलं होतं. त्याला वाटलं होतं, सोडल्यासारखं करू, जाईल कुठे, आपल्याच शेतात आहे. आता एका बाजूला बाप उभा होता आणि दुसऱ्या बाजूला ऊस. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या डोक्यात इतका राग होता, तरी मला वाटलं, हा कुलूप काढेल. आईसमोर तरी काढेल.

"काय बापना पानी, बापना पानी लायं शे?" तो ओरडला. "बोअर मना शे. पैसा मना, जमीन मनी, मोटर मनी. मी पानीबिनी काही सोडेल नही. ते नुसतं दखाडाले व्हतं. ली ल्या लिखीसन, साहेब. खाजगी शे."

चिंधासुद्धा जमिनीकडे बघत होता. भागाबाईने मुलाकडे बराच वेळ पाहिलं, जणू हा कोणाचा कोण ते आठवत होती. मग तिने पाणपोईत जाऊन रांजणावरचं वाकडं झालेलं झाकण सरळ केलं आणि कळशी घेऊन घरी गेली.

साहेबाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आबाचं म्हणणं लिहिलं, आबाची सही घेतली. दानाचा कागद असा कधी झालाच नव्हता, होता तो नुसता आभाराचा ठराव. मग त्यालाच आठवलं की पाणपोई सार्वजनिक नाही म्हटल्यावर वाड्याचा बोअर कोणापासून पाचशे मीटर लांब हवा होता, तर फक्त गावाच्या विहिरीपासून, आणि ती मैलभर दूर. टेपसुद्धा काढायची गरज पडली नाही. त्याने तिथेच परवानगी लिहून दिली.

तेव्हा माझा बांध फुटला. "साहेब," मी म्हणालो, "चार दिवसांपूर्वीही पाणी तिथेच होतं, हापसा तिथेच होता, बाया तिथेच होत्या. तुम्हाला हे सगळं दिसत होतं. वर्षभर ही बाई तुमच्या दारात आली. मग सही आज का झाली?"

"तेव्हा रेकॉर्डप्रमाणे तसं होतं. आज रेकॉर्ड बदललं."

"आणि आबाचा बोअर? आता खाजगी ठरला ना? मग हापशापासून शंभर मीटरवर विनापरवाना घेतला म्हणून बंद करा."

"त्याची वेगळी प्रक्रिया आहे," साहेब म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

प्रक्रिया. हा शब्द कोणी शोधून काढला त्याला एकदा नाल्यातल्या झिऱ्यावर वाटी घेऊन बसवायला पाहिजे. मी जीपमागे चार पावलं धावलो, एक ढेकूळ उचललं आणि शेवटी नाल्यात फेकलं. मारलं असतं तर माझ्याच मशीनची प्रक्रिया झाली असती.

दुसऱ्या दिवशी बोअर घेतला. नारळ फोडला नाही. वाड्यातल्या पोरींनी बुद्धवंदना म्हटली आणि मी हॅमर सोडला. पहिले दोनशे फूट नुसता काळ्या पाषाणाचा भुगा उडत होता, आमच्या भुवया राखाडी झाल्या. बाया सावलीला बसून हॅमरचा आवाज ऐकत होत्या. तीनशेनंतर भुगा ओला यायला लागला आणि चारशेच्या अलीकडे गढूळ पाण्याचा फवारा झाडाच्या उंचीएवढा उडाला. पोरं त्याच्यात नाचली. वच्छलाबाई नाचली नाही. तिने ओंजळ धरली, चव घेतली आणि मला म्हणाली, "गोड शे." मी तोंड फिरवून रॉड मोजायला लागलो, कारण डोळ्यांत भुगा गेला होता म्हणण्याइतका भुगा आता उडत नव्हता.

बोअरमधलं पाणी बरंच वर चढून थांबलं, म्हणून त्याच्यावर वाड्याचा जुनाच हापसा बसवला. चांगला चालायचा. फक्त आबाची मोटर सुरू झाली की जड व्हायचा. दांडा वरखाली करत राहा, मध्येच हवा, मध्येच पाणी. साडेतीनशे फुटांवरून तो ओढत होता आणि आमच्या पाण्याची पातळी त्याच्या मोटरच्या तालावर खाली-वर व्हायची. म्हणजे जुनीच गोष्ट पुन्हा सुरू होणार होती, थोडी उशिरा एवढंच.

आखाजीच्या सकाळी मी हापशाचे नटबोल्ट आवळायला वाड्यात गेलो होतो. गावात झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. वच्छलाबाई म्हणाली, आम्ही बौद्ध, आम्ही घागर भरत नाही, पण पुरणपोळी जेवून जा. तेवढ्यात गावाच्या वाटेने भागाबाई येताना दिसली. डोक्यावर नवी कोरी मातीची घागर. मुलाच्या बोअरवरून, पाणपोईवरून, न थांबता ती वाड्याच्या वाटेला लागली. त्या बाईने सत्तर वर्षांत वाड्यात पाऊल टाकलं नसेल. ती हापशापाशी आली आणि घागर खाली ठेवून उभी राहिली.

"वच्छला," ती म्हणाली, "मना मालकनी घागर भरानी शे. भरू देशी?"

"तुमना घर बोअर शे ना, माय," मीच आधी बोललो. माझा आवाज कडवट होता आणि तो तसाच असावा असं मला वाटत होतं.

"ते पानी सोडेल नही, बाबा," म्हातारी म्हणाली. "त्यानी सोतः सांगं. दखाडानं पानी मी मालकले कसं पाजू?"

वच्छलाबाईने दांडा हातात घेतला. मी तिला अडवलं. बाजूला नेऊन म्हणालो, अक्का, वर्षभर यांच्या पाणपोईवर तुम्हाला वरून ओतलं, म्हातारीने बघितलं, एक शब्द बोलली नाही. आता गरज पडली तर वाडा आठवला. निदान दोन शब्द सुनवा. उभी तरी राहू द्या थोडा वेळ.

"तिना मालक मरी जायेल शे, भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. "मरेलसंगे कसानं भांडन? जो जित्ता शे त्यानासंगे भांडसूत."

ती हापसायला लागली. पलीकडे आबाची मोटर चालू होती. दांडा जड. दोनचार धारा आल्या, मग हवा. पुन्हा धार, पुन्हा हवा. वच्छलाबाईचा पदर घामाने ओला झाला, घागर अर्धीसुद्धा भरली नव्हती.

"नवा बोअर शे, मंग इतला जड काबं चालस?" भागाबाईने विचारलं.

वच्छलाबाई थांबली. खोटं बोलायला तिला जागा होती. सणाचा दिवस, म्हातारं माणूस. "तुमना पोऱ्यानी मोटर चालू शे, माय," ती म्हणाली. "ती चालू राहीन तवलोंग आठे हवा येस. आते हाऊ बोअर बठ्ठासना शे. टंचाईमा आजूबाजूनं उपसानं बंद कराले लावता येस, कायदामा शे. सकाय मी धुळाले जास. त्यानी मोटर बंद कराले लावस."

ती हे आईला सांगत होती. भागाबाई मोटरच्या दिशेने बघत राहिली. उसाच्या मागून तिचा एकसुरी आवाज येत होता.

"बापले तान्हेला ठेवं त्यानी," ती म्हणाली. मग तिने पुढे होऊन दांड्याला हात घातला आणि वच्छलाबाईबरोबर तो खाली दाबायला लागली. "धुळानी गाडी कवय शे? मी बी येस. साहेबले मी सांगस."

घागर भरायला बराच वेळ लागला. मी मध्ये पडलो नाही.